बिनविजेचा दिवा

३ मार्च

मेव्हणेबुवा,

आधी बसा, मग वाचा. उभ्या उभ्या वाचण्यासारखं हे पत्र नाही.

यंत्र चालू झालं!

थंडीत आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिलेले ते इंजिनिअरसाहेब तुम्हाला आठवत असतील. तुम्ही त्यांचं नाव फुकटचंद ठेवलं होतंत. जाताना ते यंत्र इथेच ठेवून गेले आणि ते गेल्यावर दोन दिवसांत ते बंद पडलं, एवढं तुम्हाला कळवलं होतं. त्यानंतरचं कळवलं नव्हतं. मी रोज त्याच्यासमोर बसत होतो. हल्ली दुकानात घड्याळं येतातच कुठे? येतात ती सेल बदलायला. चाळीस वर्षं चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा धरणारे हात नुसते मांडीवर ठेवून बसायचे.

यंत्र तसं साधं आहे. छोटी मोटार चाक फिरवते. चाकावर लोहचुंबक आहेत, ते तारेच्या वेटोळ्यांसमोरून फिरले की वीज तयार होते. त्याच विजेवर मोटार फिरते आणि उरलेल्या विजेवर दिवा लागतो. एकदा चालू केलं की झालं. माझ्या मते दोष घर्षणाचा होता. भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाची पितळी बुशं, म्हणजे आस फिरतो त्या कड्या, घासून मी ती चाकाला बसवली. तरी ढिम्म. मग परवा दुपारी बाजारातून आलो, सहज बटण दाबलं आणि चाक फिरू लागलं. दिवा लागला. मी लहान मुलासारखा ओरडलो म्हणे; तुमच्या ताई आतून म्हणाल्या, "अहो, शेजारी धावून येतील."

तुम्ही हसाल. हसा. पण वीज गेली की या घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या नाकातल्या नळीला हवा पुरवणारं ते मशीन थांबताना शिट्टी मारतं, पण ती शिट्टी माझ्या या कानांना ऐकू येत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखतो. त्या भीतीतून मला सुटायचंय. उद्या तिचं मशीन माझ्या चाकावर चालेल, मग वीज येवो की जावो.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तिला बोलवत नाही, म्हणून हा कागद. दिवा अजून मोठा लावायचाय. तुमच्या दुकानातली तांब्याची बारीक तार थोडी पाठवा.

तुमचे
भाऊजी

*

९ मार्च

भाऊजी,

बसूनच वाचलं. मग उठून पाणी प्यायलो.

तार पाठवतोय. दोन रिळं आहेत. फुकट ते पौष्टिक हा तुमच्या फुकटचंदाचा मंत्र असला, तरी माझ्याकडची तार पैसे मोजूनच येते, तेव्हा जपून वापरा.

आता भांडतो. स्वतःच्याच खांद्यावर बसून बाजारात गेलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मोटार चाकाला फिरवणार, चाक मोटारीला पोसणार आणि वर दिवा जेवणार. तिघांच्या पंगतीत वाढणारा कोण? तुम्ही आयुष्यभर लोकांच्या घड्याळांना चाव्या दिल्यात. आपली आपण चावी दिलेलं एक तरी घड्याळ तुमच्या टेबलावर आलं का?

मी जळक्या मोटारींमध्ये म्हातारा झालो. माझं दुकान एका जळलेल्या पंख्यावर सुरू झालं हे तुम्हाला माहीत आहे. त्या पंख्याची वेटोळी ताईने गुंडाळली होती. बाई डावखुरी, सगळं उलट्या बाजूने गुंडाळलं, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पंखा लावला तर तो उलटा फिरून हवा छताला घालू लागला. तेव्हापासून मी एक शिकलो. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जे दिलं असेल तेच ते परत करतं, आणि तेही थोडं कमीच.

तर पैज घ्या. मेन स्विच काढून तुमचं चाक एक अख्खी रात्र फिरलं आणि दिवा सकाळपर्यंत राहिला, तर मी माझ्या दुकानाची पाटी उतरवीन आणि तुमच्या हाताखाली येऊन बसेन. शब्द दिला.

बाकी एक विचारतो. ताईच्या खाटेखाली मी ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालता ना? नळाचं घालू नका. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना?

तुमचा
मेव्हणा

*

१७ मार्च

मेव्हणेबुवा,

पैज घेतली! आणि अर्धी तर जिंकलोच.

आता दर रविवारी आमच्या मागच्या खोलीत माणसं जमतात. कोपऱ्यावरचा बेकरीवाला पहिल्या दिवसापासून आपल्या बाजूचा. समोरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई तुमच्या बाजूच्या. त्या विज्ञान शिकवायच्या आणि अजून आम्हा सगळ्यांना बाकावर बसवूनच बोलतात. परवा दोघांची अशी जुंपली की चहा गार झाला.

बेकरीवाला म्हणाला, "बाई, सगळं डोळ्यांना दिसायलाच हवं का? माझा पाव रात्रभर फुगतो. कोण येऊन फुगवतं?"

"यीस्ट फुगवतं. आणि फुगवण्यासाठी ते पिठातली साखर खातं," बाई म्हणाल्या. "तुमचं हे चाक काय खातं तेवढं सांगा, मी उठून जाते."

"बाई, दुधात मिठाचा खडा टाकू नका."

"मी खडा टाकत नाही हो. दूध कुणाचं, एवढंच विचारतेय."

मग मीच उठलो आणि मेन स्विच खाली ओढला. घर काळंकुट्ट. फक्त माझा दिवा! चाक फिरतंय, दिवा जळतोय, आणि बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी. बाईंनी टॉर्च काढला. टेबलाखाली वाकल्या, टेबलावर हात फिरवला, यंत्र उचलून पाहू म्हणाल्या, पण मी त्याला हात लावू दिला नाही. चाकाचा तोल जातो. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "ही बॅटरी फक्त यांच्या मशीनला जोडली आहे ना?" तुमच्या ताई उशीला टेकून बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "बाई, आता माझ्या श्वासावरपण संशय का?" बाई इतक्या ओशाळल्या की चपला उलट्या घालून घरी गेल्या.

पण आता त्यांनीही तुमचीच पैज धरली आहे. एक अख्खी रात्र. त्या स्वतः समोर बसणार. तारीख ठरवायची आहे.

तुमच्या बॅटरीबद्दल म्हणाल तर ती म्हातारी झाली. पूर्वी वीज गेली तर सकाळ गाठायची, हल्ली थोड्याच वेळात कुरकुरते. सिलिंडर मी परत करून टाकला. तो दुकानदार बघतच राहिला. म्हटलं, ज्यांना लागतो त्यांना द्या, आमच्या घरात आता उजेडाचं झाड आहे.

भाऊजी

*

२४ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा शेवटच्या परिच्छेदात अडकलो.

ती बॅटरी मी नवीकोरी ठेवली होती. एवढ्यात म्हातारी होणारी बॅटरी मी विकत नाही, आणि ताईला तर देतच नाही. सिलिंडर परत आणा. आजच आणा. पैज, फुकटचंद, उजेडाचं झाड, सगळं नंतर बोलू.

मी येतोय. जेवायला साधंच करा, भांडायला जागा ठेवा.

मेव्हणा

*

२ एप्रिल

ताई,

हे पत्र दूधवालीच्या पत्त्यावर टाकलंय. ती तुझ्याच हातात देईल, भाऊजींच्या नाही.

मी तुमच्याकडे आलो तो फुकटचंदाची मान पकडायला. मला वाटलं होतं, त्यानेच जाताना कुठेतरी चोरून वायर घातली असणार. भाऊजींनी मला यंत्रासमोर खुर्ची दिली आणि मोठ्या थाटात मेन स्विच काढला. दिवा राहिला. पण मोटारीचा सूर बदलला, ताई. लाइनची वीज मिळाली की मोटार गुणगुणते. माझ्या इन्व्हर्टरच्या विजेवर ती खरखरते, घशात काही अडकल्यासारखी. तो इन्व्हर्टर मी या हातांनी बांधलाय, त्याची खरखर मी झोपेत ओळखीन. भाऊजींना ती ऐकू येत नाही. मास्तरीणबाईंना ऐकू आली असेल, पण त्यांना तिचा अर्थ माहीत नाही. मी मान डोलावली आणि "वा" म्हणालो.

भाऊजी चहा टाकायला गेले तेव्हा मी खाली बसलो. टेबलाचा मागचा पाय भिंतीला टेकलाय आणि तो पोकळ पाइप आहे. भिंतीला जुनं भोक आहे. पलीकडे तुझी खाट, खाटेखाली बॅटरी. इन्व्हर्टरच्या मागून वायर काढून भोकातून पाइपमध्ये, पाइपमधून वर यंत्राच्या बुडात. सुंदर काम. फुकटचंदाला हे सात जन्मांत जमलं नसतं.

मग मी जोड पाहिला. टेप उजवीकडून डावीकडे गुंडाळलेली. वर सुती दोरा, आणि दोऱ्याचं टोक आत ओवून घेतलेलं. अशी गाठ या जगात दोनच माणसं मारतात. त्यातला एक उजव्या हाताने मारतो आणि तो मी.

मी जोड तसाच ठेवला आणि चहा प्यायलो. तू आतून माझ्याकडे बघत होतीस. मला काय कळलं ते तुलाही कळलंय.

आता सांग. ते चाक काय खातं ते मला कळलं. तू का वाढतेस ते सांग.

तुझा भाऊ

*

८ एप्रिल

बाळ,

थांबत थांबत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझ्या कानांची मला भीती वाटत होतीच. लहानपणी मी स्वयंपाकघरात डबा उघडला की तू अंगणातून ओरडायचास, "मलापण!"

तू हे जाताना बोलला नाहीस, ते बरं केलंस.

यंत्र बंद पडल्यावर ते दिवसभर त्याच्यासमोर बसायचे, एखाद्या आजाऱ्याजवळ बसावं तसे. जेवण ताटात तसंच. मला त्यांचा चेहरा दारातून दिसायचा. मला वाटायचं, हा माणूस यंत्राकडे बघतच नाहीये. हा मी कधी थांबेन ते बघतोय. चाळीस वर्षं त्यांनी बंद पडलेलं चालू केलं, आणि घरात एक गोष्ट अशी आली की त्यांच्या चिमट्याने दुरुस्त होत नाही. ती मी.

एक दिवस ते बाजारात गेले. मी नळी काढली, खाली बसले. किती वेळ लागला ते विचारू नकोस. हात शिकलेले विसरत नाहीत. मध्ये मध्ये खाटेला टेकून नळी लावून घ्यायची आणि परत खाली. एकच छोटा दिवा, म्हटलं. तेवढ्याने बॅटरीचं काय जातंय! एकदाच लागू दे, एकदा त्यांना हसू दे, मग काढून टाकू.

ते ओरडले ना, बाळ, तो आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले. मग बेकरीवाला आला, मग रविवार आले, मग दिवा मोठा झाला. मी कुठल्या दिवशी काढायला हवी होती सांग. रोज वाटायचं, आज नको.

बॅटरी कमी पडते हे मला दिसतं. ती माझ्याच खाटेखाली आहे. दिव्याला जेवढं जातं तेवढं माझं कमी होतं, हा हिशेब मला तुझ्याआधी कळलाय. तो जमवून घेतेय. वीज गेली की मी कमी हवा घेते, हळू घेते.

तू त्यांना सांगू नकोस. माझी शपथ आहे. तू फक्त मोठी बॅटरी घालून दे. एवढं भावाने बहिणीसाठी करावं.

ताई

*

१२ एप्रिल

ताई,

तू लहानपणापासून मला शपथा घालतेस, आणि मी मूर्खासारखा त्या पाळतो. तू आपल्या श्वासाचं तेल त्या दिव्यात घालतेस हे मी भाऊजींना सांगायला हवं. बायकोने सांगितलं तर घर मोडत नाही, मेव्हण्याने सांगितलं तर मोडतं, एवढ्याच एका कारणाने गप्प आहे. पण तू सांग. मी असताना सांग, हवं तर मी शेजारी बसेन.

मोठ्या बॅटऱ्यांची जोडी सांगितली आहे. कारखान्यातून यायला वेळ लागतोय. महिनाअखेरीस मी स्वतः टेम्पोत घालून आणतो. त्यातली एक नुसत्या दिव्याला जोडून देतो, म्हणजे तुझ्या वाट्याला तो तोंड लावणार नाही. ही लबाडी झाली, मला ठाऊक आहे. एका खोट्यात मी दुसरं खोटं जोडतोय, आणि तेही चांगली टेप लावून. पण तू खोल श्वास घेशील ना, तेवढं पुरे.

तोवर एक नियम. वीज गेली की पहिल्यांदा दिव्याची वायर काढायची. चाक थांबू दे, भाऊजी चिडू देत, बेकरीवाला रडू दे. आधी दिव्याची. डॉक्टर तुला काय म्हणाले होते ते आठव. मशीनशिवाय थोडा वेळ बसून निघतो, आडवं होऊन नाही.

आजच भाऊजींना लिहून मी पैज मागे घेतोय.

तुझा भाऊ

*

१२ एप्रिल

भाऊजी,

हरलो. नाक घासलं.

पैज मी गंमत म्हणून लावली होती, ती मागे घेतो. चाक डोळ्यांनी पाहिलं, माझं समाधान झालं. रात्रभर जागून कुणाला काही सिद्ध करायची गरज नाही. मास्तरीणबाईंना म्हणावं, मेव्हण्याने हार मानली, तुम्हीही घरी जाऊन झोपा. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिनाअखेर मी येतोच आहे, तेव्हा जे काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे. तोपर्यंत परीक्षा नको. एवढं माझं ऐका.

मी असताना "उद्या आणतो" म्हणालात, तो सिलिंडर आणलात का ते लिहिलं नाहीत.

मेव्हणा

*

१८ एप्रिल

मेव्हणेबुवा,

तुमची मूठ झाकलेलीच राहू दे. आम्ही आमची उघडणार.

तुमचं पत्र मी रविवारी सगळ्यांना वाचून दाखवलं. बेकरीवाला टाळ्या पिटू लागला. मास्तरीणबाई मात्र म्हणाल्या, "इतका पक्का माणूस एका भेटीत हरतो कसा? मला काहीतरी ठीक वाटत नाही. परीक्षा व्हायलाच हवी." बघा, तुमच्या माघारीने त्यांचा हट्ट दुप्पट झाला. मलाही खरं सांगायचं तर लागलं. तुम्ही माझी समजूत घालताय, मेव्हणेबुवा. पोराच्या हातातल्या कागदी विमानाला "वा" म्हणतात, तसं. तुमच्या त्या "वा"मध्ये काही नव्हतं. कानांनी मी अधू आहे, पण समोरच्याचा चेहरा वाचता येतो.

आणि योग बघा कसा आला. वीज कंपनीने नोटीस लावली आहे. मोठ्या तारा बदलायच्या म्हणून येत्या शनिवारी संध्याकाळपासून रविवार सकाळपर्यंत सगळ्या वस्तीची वीज बंद. मेन स्विच चोरून लावला असं म्हणायलाही कुणाला जागा नाही. घोडामैदान आपणहून दारात आलं!

मी वेडा नाही. तुमच्या ताईंचं मशीन त्या रात्री तुमच्याच बॅटरीवर राहील; पाणी घातल्यापासून बॅटरी पुन्हा सकाळ गाठते असं त्याच सांगतात, म्हणून सिलिंडर आणला नाही. माझ्या चाकाची परीक्षा चालू असताना तिचा श्वास मी पणाला लावणार नाही. एकदा रात्र पार पडली, की मग मात्र तिचं मशीन चाकावर घेणार. पुन्हा कधी तिच्या तोंडाकडे बघत बसायला नको.

तीही खूष आहे. म्हणाली, "होऊन जाऊ दे."

भाऊजी

*

१९ एप्रिल

बाळ,

तारीख तुला त्यांनी कळवली असेल. मी नको म्हणून पाहिलं. एकदाच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीही मास्तरीणबाईंच्या बाकावर जाऊन बसले. पुन्हा म्हणवलं नाही.

तेव्हाच सांगून टाकणार होते. तोंड उघडलं. तर ते म्हणाले, "बोलू नकोस, दम लागेल," आणि माझे पाय चेपत बसले. हात थरथरत नव्हते, बाळ. वर्षभर थरथरणारे हात.

तू बॅटऱ्यांसाठी धावाधाव करू नकोस. त्या वेळेत येणार नाहीत. एक बॅटरी एक रात्र दोघांना पुरत नाही, हे मला माहीत आहे. तुझा नियम लक्षात आहे. आधी कुणाची वायर काढायची ते मला कळतं.

तू चिडलास की कान लाल होतात तुझे. आत्ता झाले असतील.

ताई

*

रविवार, सकाळ

मेव्हणेबुवा,

पाटी उतरवा!

अख्खी रात्र. वस्तीत एक खिडकी उजळलेली नव्हती, रस्ता कुठे आणि भिंत कुठे कळत नव्हतं, आणि आमच्या मागच्या खोलीत दिवा. एकदाही विझला नाही. मधल्या प्रहरी थोडा मंद होतोय असं वाटलं, बेकरीवाल्याने माझा हात घट्ट धरला, आणि क्षणभरात दिवा पुन्हा सरळ झाला, उलट आधीपेक्षा जोमाने जळू लागला. जणू चाकाला आतून कुणीतरी बळ दिलं. बेकरीवाला हात जोडून उभा राहिला. तेव्हापासून पहाटेपर्यंत एकसारखा उजेड.

काल दुपारी तुमचा बेकरीत फोन आला होता म्हणे. "पत्रं आत्ताच मिळाली, दिवा लावू देऊ नका, ताईच्या मशीनला धोका आहे," असा निरोप. बेकरीवाल्याने तो सगळ्यांसमोर सांगितला. आम्ही हसलो. तुमच्या ताईही हसल्या आणि म्हणाल्या, "त्याला हरायची सवय नाही." तरी मी आत जाऊन स्वतः पाहिलं. मशीनचा लाल दिवा लागलेला होता, नळी नाकात होती. "मशीनच्या आवाजाने बाईंना त्रास होईल, दार लावून घ्या," तिने खुणेने सांगितलं. मी दार लावून घेतलं. उशा उंच करून दिल्या होत्या, पण तिने त्या काढायला लावल्या. म्हणाली, आज आडवी होते, बसून पाठ दुखते.

मास्तरीणबाई शेवटपर्यंत खुर्चीवर ताठ बसून होत्या. उजाडलं तेव्हा उठल्या. मला वाटलं, आता हार मानतील. मानली नाही. नुसत्या आतल्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरात केवढी शांतता आहे हो." मी म्हटलं, "मला तर नेहमीच असते!" बेकरीवाला पोट धरून हसला. बाई हसल्या नाहीत.

दोघं आत्ताच गेले. वीज अजून यायची आहे. दिवा जळतोच आहे, त्याच्याच उजेडात हे लिहितोय.

तिला अजून उठवलं नाही. रात्री झोपताना तिने मला बजावलं होतं, "सकाळी आधी माझ्या भावाला पत्र लिहा, मग मला उठवा." का म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्याला आधी कळू दे." तुमच्यावर जीव आहे तिचा.

तसं कळवलं. आता चहा टाकतो आणि तिला हाक मारतो.

तुमचे
भाऊजी